मंथरा आणि मिसेस डिसा : ललिता पवार यांची सात दशके

ललिता पवार (1916–1998) या हिंदी आणि मराठी चित्रपटांतील चरित्र अभिनेत्री. 1928 च्या सुमारास त्यांनी मूकपटात काम करायला सुरुवात केली, आणि साठ वर्षांनी दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेत मंथरा म्हणून त्या घराघरांत पोहोचल्या. मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि दूरचित्रवाणी हे भारतीय पडद्याचे सारे टप्पे एकाच कारकिर्दीत पाहिलेले कलावंत फार थोडे. ललिता पवार त्यांपैकी एक होत्या. सामान्य प्रेक्षकाच्या लेखी मात्र त्यांची ओळख एका शब्दात संपते : खाष्ट सासू. मराठी घरांत तर त्यांचे नावच विशेषण झाले. सुनेला छळणाऱ्या बाईला ‘अगदी ललिता पवार आहे’ असे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे.

येवल्याची अंबू

त्यांचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव शगुन. 18 एप्रिल 1916 रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे त्यांचा जन्म झाला. येवला पैठणीचे आणि विणकरांचे गाव. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी होते. घर खाऊनपिऊन सुखी होते, त्यामुळे अनेक समकालीन अभिनेत्रींप्रमाणे पोटासाठी सिनेमात यावे लागले, अशी त्यांची कथा नाही. लहानपणी पुण्यात आल्यावर त्यांचा चित्रीकरणाशी संबंध आला आणि त्या वयातच त्या पडद्यावर दिसू लागल्या.

त्या काळी पुणे हे मूकपटांचे महत्त्वाचे केंद्र होते. ना. द. सरपोतदार यांची आर्यन फिल्म कंपनी तिथेच होती. 1928 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात अंबूने बालकलाकार म्हणून काम केले. दादासाहेब फाळके यांचा 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ वेगळा आणि हा वेगळा. फाळक्यांच्या चित्रपटात तारामतीचे काम पुरुषाने केले होते. पंधरा वर्षांनी परिस्थिती थोडी पालटली असली, तरी चांगल्या घरच्या मुलीने सिनेमात जाणे अजूनही समाजाला रुचणारे नव्हते. सुरुवातीच्या मूकपटांत त्या ‘अंबू’ याच नावाने ओळखल्या जात. ‘ललिता’ हे नाव पडद्यासाठी नंतर आले.

मूकपट ही त्यांची खरी शाळा. तिथे संवाद नसत, मजकुराच्या पाट्या मधूनमधून येत. राग, भीती, कपट, लाज हे सगळे चेहऱ्याने, मानेने, हातांनी आणि चालण्यातून दाखवावे लागे. डोळे हे नटाचे मुख्य हत्यार होते. बोलपट आल्यावर मूकपटातले अनेक नट मागे पडले, कारण त्यांना आवाज साधला नाही. ललिताबाईंना आवाजही होता आणि गळाही. पार्श्वगायन रूढ होण्याआधी नट-नटींना आपली गाणी आपणच म्हणावी लागत, आणि त्याही आपली गाणी स्वतः गात. मूकपटात डोळ्यांनी बोलायची लागलेली सवय पुढे त्यांच्या कामी आली, पण फार वेगळ्या कारणाने.

नायिका आणि निर्माती

1931 चा ‘दिलेर जिगर’ हा साहसपट त्यांच्या नायिकापर्वाची चांगली खूण आहे. दिग्दर्शक होते ग. प. पवार. तलवारबाजी, कसरती, राजवाड्यातली कारस्थाने असा त्याचा मामला. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले, पण त्यांतले बहुतेक नष्ट झाले. जे मोजके उरले त्यांत ‘दिलेर जिगर’ आहे. म्हातारी, पाठीत वाकलेली मंथराच ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्यातली चपळ तरुणी ओळखूही येणार नाही.

ग. प. पवार यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या ललिता पवार झाल्या. हा विवाह टिकला नाही. पुढे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला, पण पडद्यावरचे आडनाव पवारच राहिले.

केवळ नटी म्हणून राहण्यात त्यांना समाधान नव्हते. ‘कैलास’ (1932) या मूकपटाच्या आणि पुढे ‘दुनिया क्या है’ या बोलपटाच्या निर्मितीत त्यांनी भाग घेतला. विशीच्या आसपासच्या बाईने चित्रपटनिर्मितीची आर्थिक जोखीम उचलणे ही त्या काळात मोठी गोष्ट होती. 1935 च्या ‘हिम्मत-ए-मर्दां’सारख्या चित्रपटांतून नायिका म्हणून त्यांचे नाव झाले. मराठीत भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ आणि मास्टर विनायक यांचा ‘अमृत’ (1941) हे त्या काळातले उल्लेखनीय चित्रपट. ‘अमृत’ची कथा वि. स. खांडेकरांची होती. चाळिशीच्या दशकाच्या आरंभी त्या पंचविशीत होत्या, आणि नायिका म्हणून पुढची दहा वर्षे तरी त्यांच्यासमोर मोकळी होती.

एक थप्पड

1942 च्या सुमारास ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. एका प्रसंगात ललिताबाईंना थप्पड मारली जायची होती. समोर होते मास्टर भगवान, म्हणजेच पुढे ‘अलबेला’मुळे देशभर गाजलेले भगवान पालव. अंदाज चुकला आणि फटका प्रत्यक्षात जोरात बसला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला पक्षाघात झाला. दीर्घकाळ उपचार घेतल्यावर चेहरा बराचसा सुधारला, पण डावा डोळा कायमचा बारीक झाला.

पडद्यावर नायिकेचा चेहरा हे भांडवल असते. क्लोजअपमध्ये दोन्ही डोळे सारखे दिसले नाहीत, तर प्रेमप्रसंग उभाच राहत नाही. नायिकेच्या भूमिकांचा दरवाजा त्यांच्यासाठी बंद झाला. अशा वेळी घरी बसणे किंवा गर्दीतल्या किरकोळ भूमिका पत्करणे, एवढेच पर्याय बहुतेकांसमोर उरत. ललिताबाईंनी चरित्र भूमिकांकडे मोर्चा वळवला.

या वळणावरचा ठळक चित्रपट म्हणजे प्रभातचा ‘रामशास्त्री’ (1944). गजानन जागीरदार रामशास्त्री प्रभुणे होते आणि ललिताबाई आनंदीबाई. ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून आनंदीबाई मराठी मनात कायमची जाऊन बसलेली आहे. तिला पडद्यावर उभे करायचे म्हणजे महत्त्वाकांक्षा, भीती आणि थंड डोक्याने केलेले कारस्थान एकाच चेहऱ्यावर दिसायला हवे. बारीक झालेला डोळा आता उणीव राहिला नाही. ती नजर दुसऱ्यांना न कळणारे काहीतरी मनात ठेवून आहे, असे प्रेक्षकाला वाटू लागले.

सासू कशी घडली

स्वातंत्र्यानंतरचा हिंदी चित्रपट मुख्यतः कुटुंबाचा होता. एकत्र कुटुंब, हुंडा, सून, सावत्र आई, विधवा हे त्याचे विषय. अशा कथेत खलनायक बाहेरून येत नाही, तो घरातच असतो आणि त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. स. म. युसुफ यांचा ‘गृहस्थी’ (1948) आणि व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ (1950) या चित्रपटांनी ललिताबाईंची ही प्रतिमा पक्की केली. ‘दहेज’ हा हुंड्याच्या प्रथेवर थेट प्रहार करणारा चित्रपट होता. हुंडाबंदीचा कायदा 1961 मध्ये झाला, त्याच्या अकरा वर्षे आधीचा. त्यात जयश्रीबाई सून आणि ललिताबाई तिला छळणारी सासू होत्या. चित्रपटाचा सगळा संताप प्रेक्षकाच्या मनात जागा व्हायचा, तर सासू तितकीच खरी वाटायला हवी होती.

त्यांची सासू ओरडाआरडा करून भीती घालत नसे. तिची मान किंचित तिरकी होई, बारीक डोळा आणखी बारीक होई आणि उजवा डोळा समोरच्यावर रोखलेला राही. मग बोलणे सुरू होई, तेही आधी गोड आवाजात. ओठांच्या कोपऱ्यातले छद्मी हसू, मध्येच तोडलेले वाक्य, पदर खोचण्याची किंवा सावरण्याची लकब, डोळ्यांनीच दिलेला हुकूम हे सगळे मिळून टोमण्याला धार येई. प्रेक्षकाने आपल्या घरात, शेजारात किंवा नात्यात अशी एखादी बाई पाहिलेली असे. म्हणूनच तो पडद्यावरच्या बाईवर चिडे.

त्या काळच्या हिंदी चित्रपटातल्या ज्येष्ठ स्त्रीभूमिका मराठी अभिनेत्रींनी व्यापल्या होत्या. दुर्गा खोटे यांच्याकडे खानदानी रुबाबाच्या भूमिका जात, लीला चिटणीस यांच्याकडे आजारी आणि हळव्या आईच्या, सुलोचनाबाईंकडे सोशिक आणि वत्सल आईच्या. चौथा कोपरा ललिताबाईंचा होता. पहिल्या तिघींना प्रेक्षकांची सहानुभूती आपोआप मिळे. चौथीने मात्र प्रेक्षकांचा राग ओढवून घ्यायचा होता. तो भूमिकेच्या वाट्याचा राग लोकांनी त्यांच्या नावाला चिकटवला.

ठशाबाहेरच्या भूमिका

साचा एकदा पक्का झाला की निर्माते त्याच कामासाठी बोलावतात. तरीही पन्नाशीच्या दशकात चांगल्या दिग्दर्शकांनी ललिताबाईंना या साच्याबाहेर काढले.

राज कपूर यांच्या ‘श्री 420’ (1955) मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई झाल्या. घासाघीस करणारी, फटकळ, पण बेघर पोराला मायेने जवळ करणारी ही बाई आहे. त्याच वर्षीच्या गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस 55’ मध्ये त्या उच्चभ्रू सीतादेवी होत्या : घटस्फोटाच्या कायद्याचा प्रचार करणारी, पुरुषांवर विश्वास नसलेली आणि भाचीचे लग्न कागदापुरतेच व्हावे म्हणून भाड्याने नवरा शोधणारी. हिंदू विवाह कायदा 1955 चाच. त्यामुळे हा विनोद त्या दिवसांच्या चर्चेतून आलेला होता. आज त्या चित्रपटाची स्त्रीवादाकडे पाहण्याची दृष्टी जुनाट वाटते. पण कडक इस्त्रीची, इंग्रजी वळणाची ही बाई उभी करताना ललिताबाईंनी फूटपाथवरच्या गंगामाईचा मागमूसही राहू दिला नाही. अमिय चक्रवर्ती यांच्या ‘दाग’ (1952) मध्ये त्या दिलीपकुमारची आई होत्या, तर मराठीत शांतारामांच्या ‘अमर भूपाळी’ (1951) मध्येही त्यांचे काम होते.

1959 हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाचे ठरले. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये त्या जुन्या वळणाच्या बुवाजी म्हणजे आत्याबाई होत्या. ब्राह्मण घरात वाढलेल्या अस्पृश्य मुलीला तिची जागा सतत दाखवून देणारी ही बाई आहे. ती दुष्ट नाही. ती आपल्या समजुतींनी बांधलेली आहे, आणि त्यामुळेच तिचे वागणे अधिक टोचते.

त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जी यांचा ‘अनाडी’ आला. त्यातली मिसेस डिसा ही एकटी राहणारी वृद्ध ख्रिस्ती घरमालकीण. राज कपूर तिचा भाडेकरू. भाडे थकले म्हणून ती त्याच्यावर डाफरते आणि त्याच वेळी हा पोरगा जेवला की नाही याची काळजीही करते. तिच्या ओरडण्यामागे आपुलकी आहे हे प्रेक्षकाला कळते, नायकालाही कळते, फक्त ते कबूल करायला ती तयार नसते. तापाच्या साथीत भेसळीचे औषध घेतल्याने तिचा मृत्यू होतो, आणि ते औषध नायकाच्या मालकाच्याच कंपनीचे असते. भेसळ करणाऱ्या धनिकांविरुद्धचा चित्रपटाचा सगळा युक्तिवाद या एका मृत्यूवर उभा आहे. ही म्हातारी प्रेक्षकाला आपली वाटली नसती, तर चित्रपट कोलमडला असता. या भूमिकेसाठी ललिताबाईंना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

मिसेस डिसाचा चेहरा ‘दहेज’च्या सासूचाच आहे. तोच बारीक डोळा, तीच तिरकी मान, तीच फटकळ जीभ. पण इथे बारीक डोळा मिस्कील वाटतो, आणि माया लपवण्यासाठी मिटल्यासारखा भासतो. ललिता पवारांचे यश डोळ्यातल्या व्यंगामुळे, असे सांगितले जाते. ‘अनाडी’ पाहिल्यावर ते अर्धेच खरे असल्याचे ध्यानात येते. व्यंग एकच होते, पण त्याचा अर्थ दर भूमिकेत त्या बदलत होत्या.

हृषीकेश मुखर्जींनी हे गुपित ओळखले होते. ‘मेम दीदी’ (1961) मध्ये शीर्षक भूमिका त्यांनी ललिताबाईंनाच दिली. दहा वर्षांनी ‘आनंद’ (1971) मध्ये त्यांना शुश्रूषागृहातली कडक मेट्रन केले आणि तिचे नावही डिसाच ठेवले. नियमाबाहेर पाऊल न टाकू देणारी ही मेट्रन राजेश खन्नाच्या आनंदपुढे हळूहळू विरघळते. पात्राला जागा थोडीच आहे, तरी चित्रपट पाहिलेला माणूस तिला विसरत नाही.

विनोदाची बाजू

साठीच्या दशकात शम्मी कपूरच्या चित्रपटांनी त्यांच्या कडकपणाला विनोदाची जोड दिली. ‘जंगली’ (1961) मध्ये त्या घरात हसण्यालाही बंदी घालणाऱ्या श्रीमंत आई होत्या. लेख टंडन यांच्या ‘प्रोफेसर’ (1962) मध्ये त्या पुन्हा सीतादेवी, भाच्यांवर करडी नजर ठेवणारी प्रौढ कुमारिका. मुलींना शिकवायला म्हातारा शिक्षकच हवा, या तिच्या हट्टापायी तरुण नायक म्हाताऱ्याचे सोंग घेतो, आणि ही बाई त्या सोंगाच्याच प्रेमात पडते. प्रौढ स्त्रीच्या प्रेमाची टिंगल करणे सोपे असते. ललिताबाईंनी सीतादेवीचे लाजणे, नटणे आणि गोंधळणे इतके मनापासून केले की हसता हसता प्रेक्षकाला तिची कणवही येते.

या काळात त्या सतत काम करत होत्या. ‘हम दोनो’ (1961) मध्ये त्या हळव्या आई होत्या, तर त्याच वर्षीच्या बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये मंथरा. 1961 मध्येच त्यांना चित्रपट अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे ‘सौ दिन सास के’ (1980) या चित्रपटाने त्यांच्या सासूलाच कथेचे केंद्र केले. पहिल्या सुनेला छळणारी सासू दुसऱ्या, खमक्या सुनेपुढे नमते, अशी ती गोष्ट. तीस वर्षे प्रेक्षकांनी मनात साठवलेल्या रागाची जणू तिथे वसुली झाली.

रविवार सकाळची मंथरा

25 जानेवारी 1987 रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. दर रविवारी सकाळी ती दाखवली जाई आणि त्या वेळी रस्ते ओस पडत. ज्यांच्याकडे दूरचित्रवाणी संच होता त्यांच्या घरी आळीतली माणसे गोळा होत. 31 जुलै 1988 पर्यंत तिचे 78 भाग प्रसारित झाले. अयोध्येच्या राजवाड्यात मराठी कलावंतांचा वावर होता : दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर आणि मंथरा ललिता पवार. पद्मा खन्ना यांची कैकेयी होती.

मंथरेचे काम मोजक्या भागांचे, पण तिच्या कानभरणीशिवाय रामाचा वनवास घडत नाही. पाठीचे कुबड, हातातली काठी, खालून वर जाणारी नजर आणि कैकेयीच्या मनातला एक-एक धागा उसवत जाणारे बोलणे. सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाईंनी मूकपटातली देहभाषा आणि बोलपटातला आवाज दोन्ही इथे वापरले. लहान पडद्यावर चेहरा प्रेक्षकाच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे त्या बारीक डोळ्याचा परिणाम सिनेमागृहातल्याहून अधिक झाला. ज्या पिढीने त्यांचा एकही जुना चित्रपट पाहिला नव्हता, तिने त्यांना मंथरा म्हणून ओळखले. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या दिवसांत मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा आणखी एक पिढी त्यांच्यावर चिडली. त्या वेळी त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती.

अखेर

अखेरच्या वर्षांत त्यांना तोंडाच्या कर्करोगाने गाठले. त्या पुण्यात औंधला राहायला आल्या. 24 फेब्रुवारी 1998 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. ज्या पुण्यात अंबू म्हणून त्या कॅमेऱ्यापुढे आल्या, तिथेच त्यांची अखेर झाली.

शेकडो चित्रपटांच्या या कारकिर्दीत नायिका म्हणून त्यांच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा वर्षे आली. उरलेली सगळी वर्षे दुय्यम म्हटल्या जाणाऱ्या भूमिकांची होती. त्या भूमिकांतून हिंदी चित्रपटाला खाष्ट सासूचा नमुना मिळाला, जो पुढे कित्येकांनी गिरवला आणि दूरचित्रवाणीच्या कौटुंबिक मालिकांनी आजही सोडलेला नाही. त्यातून मिसेस डिसाही मिळाली. तिचा नमुना मात्र कोणाला गिरवता आला नाही.